हरण्याची सोय

24 फेब्रुवारी 1966. घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा पेकिंगला पोहोचले होते. पुढे हनोईला जाऊन व्हिएतनामच्या युद्धावर तोडगा काढण्याचा त्यांचा बेत होता. चिनी यजमानांनी मानानं स्वागत केलं आणि मग बातमी दिली: अक्रामध्ये सैन्य आणि पोलिसांनी मिळून सत्ता घेतली आहे, तुम्ही आता अध्यक्ष राहिलेला नाहीत.

अक्रामध्ये त्या दिवशी माणसं रस्त्यावर उतरली, पण आपल्या नेत्यासाठी रडायला नव्हे. ती नाचत होती. संसदेसमोरचा एन्क्रुमांचा पुतळा पाडला गेला, तेव्हा लोकांनी जल्लोष केला. 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री, घाना स्वतंत्र झाला तेव्हा, याच शहरानं याच माणसाला खांद्यावर घेतलं होतं. मध्ये गेली जेमतेम नऊ वर्षं.

या नऊ वर्षांत काय बिघडलं, याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. डाव्यांचं उत्तर सीआयए, उजव्यांचं उत्तर समाजवाद. दोन्ही उत्तरांत थोडं थोडं खरं आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. माझं म्हणणं साधं आहे. एन्क्रुमांनी आपल्या देशात स्वतः हरण्याची सोय ठेवली नाही. निवडणुकीत हरवता येत नाही अशा माणसाला हटवायला मग बंदूकच येते.

आधी त्यांचं मोठेपण मान्य करू, कारण ते खरंच मोठे होते. 1909 मध्ये गोल्ड कोस्टच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या घानाच्या, नैऋत्य टोकाला, एन्क्रोफुल नावाच्या खेड्यात जन्म. वडील सोनार, आई बाजारात माल विकणारी. 1935 मध्ये अमेरिकेला गेले, लिंकन विद्यापीठात शिकले. साबणाच्या कारखान्यात राबले, बोटीवर चाकरी केली, हार्लेममध्ये मासळी विकली. 1945 मध्ये मँचेस्टरला पाचवी पॅन-आफ्रिकन काँग्रेस भरली, तेव्हा जॉर्ज पॅडमोर यांच्यासोबत तिच्या आयोजनात पुढे होते. 1947 मध्ये मायदेशातल्या वकील-व्यापाऱ्यांच्या पक्षानं, युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शननं, त्यांना सरचिटणीस म्हणून बोलावून घेतलं. त्या पक्षाचे मोठे नेते होते जे. बी. डांक्वा. एन्क्रुमांचं नाव सुचवलं एबेनेझर आको अजेई यांनी. ही दोन नावं लक्षात ठेवा.

28 फेब्रुवारी 1948 ला अक्रामध्ये माजी सैनिकांचा मोर्चा निघाला. ब्रिटिशांसाठी ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांशी लढून आलेली ही माणसं. आपल्याकडच्या कित्येक पलटणीही त्याच आघाडीवर होत्या. मोर्चेकरी गव्हर्नरकडे अर्ज घेऊन चालले होते. पोलिसांनी गोळी झाडली, तिघे माजी सैनिक मेले आणि शहर पेटलं. वकिलांना सनदशीर मार्गानं, यथावकाश स्वराज्य हवं होतं. एन्क्रुमांना ते आत्ता हवं होतं. जून 1949 मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली, कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी काढली. कारकून, ड्रायव्हर, बाजारातल्या बायका, अर्धवट शिकलेली बेकार पोरं हा तिचा पाया. जानेवारी 1950 मध्ये गांधीजींच्या सत्याग्रहावरून बेतलेली असहकाराची चळवळ त्यांनी सुरू केली आणि ते तुरुंगात गेले.

फेब्रुवारी 1951 ची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच लढवली. अक्रा मध्य मतदारसंघात 23,122 पैकी 22,780 मतं त्यांना पडली. ब्रिटिश गव्हर्नरनं त्यांना कोठडीतून सोडलं आणि सरकार बनवायला बोलावलं. साम्राज्याच्या तुरुंगातून थेट सरकारात. हा चमत्कार घडवला मतपेटीनं. हे पुढे सगळ्यात आधी विसरले ते स्वतः एन्क्रुमा.

त्यांनी काम केलं का? भरपूर केलं. प्राथमिक शिक्षण फुकट केलं, पुढे सक्तीचं केलं. तेमाचं बंदर आणि त्याला लागून नवं औद्योगिक शहर उभारलं. व्होल्टा नदीवर अकोसोंबोचं धरण बांधलं. साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा जलाशय, जगातल्या सर्वांत विस्तीर्ण मानवनिर्मित तलावांपैकी एक. सुमारे 80 हजार माणसं त्यासाठी उठवली गेली, हा हिशेबही याच पानावर मांडला पाहिजे. गिनीनं 1958 मध्ये फ्रान्सच्या छत्राखाली राहायला ठाम नकार दिला आणि फ्रेंचांनी सूड म्हणून देश ओरबाडून काढता पाय घेतला, तेव्हा घानानं गिनीला एक कोटी पौंडांचं कर्ज देऊ केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अक्रामध्ये सगळ्या आफ्रिकेतल्या चळवळ्यांची परिषद भरवली. काँगोचा तरुण पॅट्रिस लुमुंबा तिथे होता, फ्रांत्झ फॅनन होता. आपला देश स्वतंत्र झाला की आपलं संपलं, असं एन्क्रुमांनी कधी मानलं नाही. त्यासाठी मला ते आजही आवडतात.

म्हणूनच पुढचं लिहिताना राग येतो.

त्यांना विरोध होता, आणि त्याला कारणही होतं. घाना तेव्हा जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक. 1954 मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव गगनाला भिडला होता. तेव्हाच एन्क्रुमांच्या सरकारनं शेतकऱ्याला द्यायचा भाव गोठवला: साठ पौंडांच्या ओझ्याला 72 शिलिंग, पुढची चार वर्षं. वरचा सगळा पैसा सरकारी तिजोरीत. त्यातून शाळा आणि रस्ते होणार होते, हे खरं. पण अशांती प्रांतातला शेतकरी भडकला. तिथे नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट उभी राहिली. कुमासीत मारामाऱ्या झाल्या, बॉम्ब फुटले, 1955 मध्ये एन्क्रुमांच्या राहत्या घरावरही बॉम्ब टाकला गेला. तेव्हा त्यांची भीती खोटी नव्हती.

तरी 1956 ची निवडणूक झाली. एन्क्रुमांच्या पक्षानं 104 पैकी 71 जागा जिंकल्या आणि मतं मिळाली सुमारे 57 टक्के. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, लोकप्रियता शिखरावर असताना, शंभरातल्या त्रेचाळीस जणांनी राष्ट्रपित्याविरुद्ध मत दिलं आणि आभाळ कोसळलं नाही. देश चालला, सरकार टिकलं, त्रेचाळीस टक्केवाले संसदेत बसून भांडले. लोकशाही याहून वेगळी काय असते?

एन्क्रुमांना ते त्रेचाळीस टक्के सलत राहिले. स्वातंत्र्य मिळून वर्ष संपायच्या आत कायदा आला: प्रदेश, जमात किंवा धर्म यांच्या नावानं पक्ष काढायचा नाही. कारण योग्य वाटावं असं होतं, राष्ट्रीय एकात्मता. परिणाम असा की जवळजवळ सगळा विरोधी पक्ष बेकायदा ठरला, आणि उरलेल्यांना युनायटेड पार्टी म्हणून एकत्र यावं लागलं. मग जुलै 1958 मध्ये आला प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा. कोणालाही खटल्याविना पाच वर्षं डांबायची मुभा.

असा कायदा आपल्याकडे 1950 पासून होता, ही लाजेची गोष्ट आपण विसरू नये. पण आपल्या कायद्यात निदान सल्लागार मंडळ होतं, आणि तो कायदा करणाऱ्या नेहरूंना लोकसभेत रोज उभं राहून विरोधकांचं ऐकून घ्यावं लागत होतं. घानात विरोधकच आत गेले.

डांक्वा 1960 मध्ये अध्यक्षपदासाठी एन्क्रुमांविरुद्ध उभे राहिले आणि सपाटून हरले. अधिकृत आकड्यांनुसार एन्क्रुमांना दहा लाखांवर मतं, डांक्वांना सव्वा लाखाच्या आत. हरलेल्या माणसाची भीती कशाला वाटावी? पण डांक्वा वकील होते. स्थानबद्ध केलेल्या बाफूर ओसेई अकोतो आणि इतरांची बाजू घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले. अध्यक्षांनी पदग्रहण करताना नागरिकांच्या स्वातंत्र्याची जाहीर ग्वाही दिलेली आहे, त्या ग्वाहीचा मान राखा, असा त्यांचा युक्तिवाद. 1961 मध्ये सरन्यायाधीश कोबिना अर्कू कोर्साह यांच्या न्यायालयानं तो फेटाळला. ती ग्वाही नैतिक आहे, कायद्यानं बंधनकारक नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात डांक्वांना त्याच कायद्याखाली आत टाकलं.

पुढचा नंबर कोणाचा लागला ते पाहा. ऑगस्ट 1962 मध्ये कुलुंगुगु इथे एन्क्रुमांवर बॉम्बहल्ला झाला. संशयावरून त्यांच्याच मंत्रिमंडळातले लोक धरले गेले. त्यांत आको अजेई होते. 1947 मध्ये एन्क्रुमांचं नाव सुचवणारे तेच. डिसेंबर 1963 मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, आणि त्या न्यायालयाचे प्रमुख होते कोर्साह. एन्क्रुमांनी दोनच दिवसांत सरन्यायाधीशांना बडतर्फ केलं, निकाल रद्द ठरवण्याची तरतूद करून घेतली, पुन्हा खटला भरला आणि आको अजेईंना फाशीची शिक्षा झाली. ती अमलात आली नाही, पण त्यांची सुटका झाली ती एन्क्रुमा गेल्यावरच.

1961 मध्ये नागरिकाला संरक्षण नाकारणाऱ्या न्यायाधीशाला 1963 मध्ये स्वतःला संरक्षण उरलं नाही. सत्तेची सोय पाहणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशानं ही दोन वर्षं पाठ करून ठेवावीत.

जानेवारी 1964 मध्ये एकपक्षीय राजवटीसाठी सार्वमत झालं. होकारार्थी मतं 99.91 टक्के. सत्तावीस लाखांवर माणसं बाजूनं, अडीच हजारांहून कमी विरोधात. आठ वर्षांपूर्वीचे ते त्रेचाळीस टक्के कुठे गेले? ते कुठेही गेले नव्हते. ते तिथेच होते, फक्त त्यांना मोजायचं बंद झालं होतं. जून 1965 च्या निवडणुकीत तर मतदानाचाही त्रास कोणाला पडला नाही. पक्षानं दिलेले सगळे उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं.

त्याच वर्षी 4 फेब्रुवारीला डांक्वा एन्सावामच्या तुरुंगात मेले. वय 69. मधल्या सुटकेनंतर 1964 च्या जानेवारीत त्यांना दुसऱ्यांदा पकडलं होतं. आपल्या देशाचं नाव घाना असावं, ही सूचना याच माणसाची. एकेकाळी ज्यानं एन्क्रुमांना लंडनहून बोलावून घेणाऱ्या पक्षाचं नेतृत्व केलं, तो खटल्याविना कोठडीत मेला. धरणाचं सगळं पाणी ओतलं तरी हा डाग धुतला जात नाही.

विरोधक आत टाकले की सरकार बळकट होतं, असं मानणारे आजही भेटतात. त्यांनी घानाची अर्थव्यवस्था पाहावी. स्वातंत्र्याच्या वेळी देशाकडे सुमारे 20 कोटी पौंडांची गंगाजळी होती. ती संपली. कोकोचा भाव घसरत गेला. 1964-65 मध्ये घानात पाच लाख टनांहून जास्त, विक्रमी पीक आलं, आणि त्याच सुमारास भाव 1954 च्या एक तृतीयांशाच्याही खाली गेला. भाव लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात ठरत होता, हा एन्क्रुमांचा दोष नव्हे. पण ‘साहेब, हे परवडत नाही’ असं तोंडावर म्हणणारं कोणी शिल्लक राहिलं नव्हतं, हा दोष त्यांचाच. 1961 च्या अंदाजपत्रकात पगारातून सक्तीची बचत कापायला सुरुवात झाली, तेव्हा सेकोंडी-ताकोराडीच्या रेल्वे कामगारांनी संप केला. हेच ते कामगार, ज्यांच्या जोरावर 1950 ची चळवळ उभी राहिली होती. त्यांच्या पुढाऱ्यांनाही स्थानबद्धतेचा कायदा लागला. कुमासीच्या ‘अशांती पायोनियर’वर आधी सेन्सॉर बसवला, नंतर त्याचा आवाजच बंद केला.

पक्षातले लोक पैसे खातात, हे एन्क्रुमांना कळत होतं. एप्रिल 1961 मध्ये पहाटे रेडिओवरून भाषण करून त्यांनी स्वतःच्या मंत्र्यांना आणि कार्यकर्त्यांना झापलं. पुढच्याच वर्षी एका मंत्र्याच्या पत्नीनं लंडनमध्ये सोन्याचा मुलामा दिलेला पलंग विकत घेतल्याची बातमी जगभर गेली. एका माणसाच्या पहाटेच्या भाषणानं भ्रष्टाचार थांबत नाही. तो थांबवायला नाठाळ वर्तमानपत्र लागतं, हट्टी विरोधी आमदार लागतो, न घाबरणारा न्यायाधीश लागतो. तिघांची वाट लावून मग भाषण केलं, तर ऐकणारे टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन पलंग मागवतात.

22 जानेवारी 1966 ला अकोसोंबोचं उद्घाटन झालं. एका महिन्यानं कर्नल कोतोका आणि मेजर आफ्रिफा यांच्या तुकड्या अक्रामध्ये शिरल्या. पोलिसप्रमुख हार्ली त्यांच्यासोबत. नव्या लष्करी मंडळाच्या प्रमुखपदी आले जनरल अंक्रा, ज्यांना एन्क्रुमांनी आदल्याच वर्षी सैन्यातून काढलं होतं.

अमेरिकेचा हात? अमेरिकेच्या खुल्या झालेल्या कागदपत्रांतून इतकं स्पष्ट दिसतं की कटाची कुणकुण वॉशिंग्टनला वर्षभर आधीपासून होती, आणि बंड झाल्यावर अध्यक्ष जॉन्सन यांच्या सल्लागाराला ते घबाड वाटलं. बड्या राष्ट्रांचं हे वागणं नीच होतं. त्यांनी लुमुंबाला जगू दिलं नाही आणि एन्क्रुमांचंही त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. पण वॉशिंग्टनला अक्राचा रस्ता नाचवता येत नाही. परदेशी हाताला आत शिरायला फट लागते. ती फट एन्क्रुमांनी आठ वर्षं स्वतः रुंद केली.

आपण हे घानाचं म्हणून बाजूला सारू शकत नाही. 1975 मध्ये आपल्याकडे मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्यापासून नाशिकपर्यंतचे तुरुंग भरले. 1976 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही आणीबाणीत स्थानबद्धाला दाद मागता येणार नाही असं सांगितलं. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. इथवर अक्रा आणि दिल्ली हातात हात घालून चालल्या. मग 1977 मध्ये इंदिरा गांधींनी निवडणूक घेतली. त्या स्वतः रायबरेलीत हरल्या. घरी गेल्या आणि तीनच वर्षांत पुन्हा निवडून आल्या. हरण्याची सोय शिल्लक होती म्हणून आपला देश वाचला आणि इंदिराबाईंचं राजकारणही वाचलं. एन्क्रुमांना परत यायला रस्ताच नव्हता. गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांनी आसरा दिला, मानानं सह-अध्यक्ष म्हटलं. 27 एप्रिल 1972 ला ते बुखारेस्टमध्ये कर्करोगानं गेले. घाना त्यांना जिवंतपणी पुन्हा दिसला नाही.

ज्यांनी हटवलं त्यांचं काय झालं? कोतोका 1967 च्या फसलेल्या बंडात मारले गेले. आफ्रिफांना 1979 मध्ये जेरी रॉलिंग्ज यांच्या राजवटीत गोळ्या घातल्या. 1972, 1978, 1979, 1981: एकामागून एक सत्तापालट. एकदा बंदुकीनं दार उघडलं की बंदूक पुन्हा पुन्हा आत येते. ज्या लोकांनी 1966 मध्ये आनंद केला, त्यांना त्याची किंमत पंचवीस वर्षं मोजावी लागली. बंड हे हुकूमशाहीवरचं औषध आहे, असं कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा.

सध्या घानाच्या उत्तरेच्या शेजाऱ्याचे, बुर्किना फासोच्या कॅप्टन इब्राहिम त्राओरेचे व्हिडिओ जगभरातल्या फोनवर फिरतात. सप्टेंबर 2022 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्यानं सत्ता घेतली. फ्रान्सला तो सुनावतो, सोन्याच्या खाणींवर हक्क सांगतो, आणि ऐकणाऱ्याची छाती फुगते. फ्रान्सला सुनावण्यासारखं खूप आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 2024 मध्ये त्याच्या राजवटीला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली, मतदान न होता. टीकाकारांना आघाडीवर लढायला पाठवलं गेलं. आपल्याकडचेही तरुण हे व्हिडिओ पुढे ढकलतात आणि लिहितात, आपल्याला असाच माणूस हवा. त्यांना माझं सांगणं आहे: अक्रा 1964 वाचा. साम्राज्यवादाला शिव्या देणं आणि आपल्याच नागरिकाला खटल्याविना डांबणं, ही दोन्ही कामं एकच माणूस करू शकतो. पहिल्या कामासाठी त्याला दुसरं माफ करायचं नसतं.

घाना मात्र शिकला. 1992 च्या घटनेनंतर तिथे नियमित निवडणुका होतात. 2008 मध्ये अध्यक्षपदाचा निकाल अवघ्या 40 हजारांच्या आसपास मतांनी लागला आणि सत्ताधारी पक्षानं सत्ता सोडली. 7 डिसेंबर 2024 ला मतदान झालं. दुसऱ्याच दिवशी, अधिकृत निकाल लागायच्या आधी, सत्ताधारी पक्षाचे उमेदवार बावुमिया यांनी जॉन महामा यांचं अभिनंदन केलं आणि पराभव मान्य केला. एन्क्रुमांनी धरण दिलं, बंदर दिलं, शाळा दिल्या. हे एक त्यांना देता आलं नाही, ते घानाच्या लोकांनी स्वतः कमावलं.

पुढच्या वेळी एखाद्या क्रांतिकारकाच्या, सुधारकाच्या, तारणहाराच्या मागे उभं राहाल, तेव्हा त्याचं भाषण जरूर ऐका, त्याचा त्यागही मोजा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: हा हरला तर घरी जाईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो कितीही मोठा असला तरी त्याला मत देऊ नका. पुढे ते मत परत घेता येणार नाही.